जादा प्रत कोणाची?

घरातल्या संगणकाची डिस्क भरत आली, की पहिला संशय फोटोंवर येतो, आणि तो बहुधा खरा ठरतो. निकाहाचा एकच फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवलेला असतो, मोठ्या मुलाच्या फोनमधून आलेला असतो, व्हॉट्सॲपवरच्या खानदानाच्या ग्रुपमधून तीनदा आलेला असतो. आणि जुना संगणक बदलताना 'आधी सगळे घेऊन ठेवू, मग बघू' म्हणून केलेल्या फोल्डरमध्येही पडलेला असतो. ते 'मग बघू' कधी येत नाही. शेवटी घरातला कोणी जाणता मुलगा एक सॉफ्टवेअर आणतो. ते तासाभरात हजारो फोटो तपासते, सारख्या फोटोंचे गट पाडते आणि विचारते : यातले कोणते ठेवू, कोणते काढू?

प्रश्न यंत्राने विचारला म्हणून तो यांत्रिक ठरत नाही. आपण बटण दाबतो तेव्हा तीन गोष्टी ठरवून टाकतो. कोणत्या दोन वस्तू 'एकच' आहेत, त्यांतली अस्सल कोणती, आणि उरलेली नष्ट करण्याचा अधिकार कोणाचा. पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, दुसरा इतिहासाचा आणि तिसरा नीतीचा. घरातला विशीतला मुलगा हे तिन्ही प्रश्न दुपारच्या जेवणापूर्वी सोडवून मोकळा होतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण हे प्रश्न आहेत असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगावेत, एवढ्यासाठी हा लेख.

आधी यंत्र 'सारखे' म्हणते ते कशाला, हे पाहू. त्याच्याकडे दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्या आहेत. पहिली फार कडक आहे. फोटोची फाइल म्हणजे आकड्यांची एक लांब ओळ. दोन फाइलींची लांबीच वेगळी असेल तर त्या एक असणे शक्य नाही, म्हणून यंत्र आधी लांबी पाहते. लांबी सारखी निघाली, तर संपूर्ण ओळीवरून एक छोटी खूण काढते. तिला बोटाच्या ठशाची उपमा देतात. आज सर्रास वापरली जाणारी एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या फाइलीची ६४ अक्षरांची खूण काढून देते. मूळ ओळीत एक आकडा बदलला तरी खूण पार बदलते. १९९१ साली तयार झालेल्या एमडी-५ या जुन्या पद्धतीत दोन निरनिराळ्या मजकुरांची खूण एकच येऊ शकते, हे चिनी संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले. म्हणून ज्याला खात्रीच हवी आहे, त्याने खूण जुळल्यावरही दोन्ही फाइली पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत ताडून पाहाव्यात. ही फूटपट्टी 'एकच' म्हणाली की ते एकच.

पण घरातल्या सहा प्रतींपैकी या फूटपट्टीला सापडतात फार तर दोन किंवा तीन. कारण उरलेल्या प्रती वाटेत बदललेल्या असतात. व्हॉट्सॲपवरून फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्याच्यासोबतची तारीख, कॅमेरा, ठिकाण ही माहिती गळून पडते. कोणी तो आडव्याचा उभा केला, कोणी कडा कापल्या. डोळ्याला चित्र तेच दिसते, पण आकडे निराळे. अशा प्रती हुडकण्यासाठी दुसरी, सैल फूटपट्टी आहे. तिच्या सर्वांत साध्या प्रकारात यंत्र फोटो आक्रसून आठ बाय आठ, म्हणजे ६४ राखाडी चौकोनांचा करते. प्रत्येक चौकोन सरासरीपेक्षा उजळ की काळा, एवढेच नोंदवते. मग दोन फोटोंच्या नोंदी शेजारी ठेवून किती चौकोनांत फरक आहे ते मोजते. फरक चार-पाच चौकोनांचाच असेल, तर हे 'बहुतेक सारखे'. किती फरक चालवून घ्यायचा, हे वापरणाऱ्याने ठरवायचे.

या ६४ चौकोनांपाशी आपल्याला थांबले पाहिजे.

समजा, वलीम्याचा सगळ्यांचा फोटो आहे. असा फोटो कोणी एकदाच काढत नाही. कोणाचे डोळे मिटतात, कोणी दुसरीकडे पाहते, म्हणून चार वेळा काढतात. चौथ्या फोटोत नवरा-नवरी उत्तम आलेली आहेत. दुसऱ्या फोटोत नवरीचे डोळे मिटलेले आहेत, पण अगदी उजव्या कडेला, आतल्या दारातून, ओढणीचा पदर सावरत घरातली एक म्हातारी क्षणभर बाहेर डोकावली आहे. फोटोसाठी म्हणून ती कधी उभी राहिली नाही. कोणी उभे केलेही नाही. यंत्राच्या हिशेबात ती ६४ पैकी एका चौकोनाचा काही भाग आहे. तिच्यामुळे तो चौकोन उजळचा काळा झाला तर झाला, नाही तर तेवढेही नाही. यंत्र म्हणते, दोन्ही फोटो सारखे आहेत, चौथा चांगला आहे, दुसरा काढा.

घराघरांत यावरून होणारा संवाद साधारण असा असतो. फुफी म्हणते, "बेटा, तो मागचा राहू दे रे."

"फुफी, त्यात दुल्हनचे डोळे मिटलेत. आणि हलला पण आहे."

"हलू दे. त्या दारात माझी अम्मी आहे. तुझी दादी."

मुलगा फोटो मोठा करून पाहतो, आणि तेव्हा कुठे त्याला दादी दिसते. फुफी त्या वेळी तिथे बसलेली होती म्हणून फोटो वाचला. ती तिच्या सासरी असती तर दादी एका चौकोनाच्या फरकात निघून गेली असती, आणि गेली हे कोणाला कळलेही नसते.

यंत्राने यात काही चूक केली असे म्हणता येत नाही. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. 'फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान आहे' हे वाक्य मापाविषयी आहे, मोलाविषयी नाही. कडेला असलेली माणसे सरासरीत बसत नाहीत. आपल्या घरांत कडेला कोण असते, हेही उघड आहे. दस्तरखान वाढणाऱ्या बायका, देगीपाशी बसलेले आचारी, दूरची विधवा खाला, कोणाच्या तरी बोटाला धरून आलेले अनाथ मूल. मधोमध असतात ते नवरा-नवरी, त्यांचे बाप, गावातले प्रतिष्ठित. मधल्यांचे फोटो शंभर असतात, कडेच्यांचा एखादा. 'उत्तम तेवढे ठेवा' हा नियम दिसायला निःपक्षपाती आहे, पण त्याचा सगळा भार ज्यांच्यापाशी एकच फोटो आहे त्यांच्यावर पडतो.

म्हणजे सैल फूटपट्टी सांगते ते 'एकसारखे', 'एकच' नव्हे. एकसारख्या दोन वस्तूंपैकी एक काढणे म्हणजे जादा प्रत काढणे नाही, ती निवड आहे. आणि निवड करताना जाब द्यावा लागतो.

मग कडक फूटपट्टीने एकच ठरलेल्या फाइलींचे काय? तिथे तरी मन निःशंक असावे ना? जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ (१६४६–१७१६) याचे एक प्रसिद्ध तत्त्व आहे : दोन वस्तूंत कोणत्याही बाबतीत फरक नसेल तर त्या दोन नव्हेतच, एकच आहेत. पण आकड्याला आकडा जुळणाऱ्या दोन फाइलींतही एक फरक उरतो. त्या निरनिराळ्या जागी आहेत. एक 'रत्नागिरी, मे महिना' या फोल्डरमध्ये आहे, तर दुसरी 'अब्बा' या फोल्डरमध्ये. चित्र तेच. पण पहिल्या फोल्डरमध्ये ते एका सुट्टीची आठवण आहे आणि दुसऱ्यात ते अब्बांच्या आयुष्याच्या ओळीत बसले आहे. ज्याने 'अब्बा' हे फोल्डर केले, त्याने त्यांच्या इंतकालानंतर एकेक फोटो शोधून तिथे आणला असेल. यंत्राने 'जादा' म्हणून त्या फोल्डरमधल्या फाइली काढल्या तर एकही चित्र नष्ट होत नाही. नष्ट होते ते कोणीतरी लावलेले नाते.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. इमाम बुखारींचा हदीससंग्रह घ्या. त्यातल्या हदीसांचे आकडे मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात. पण पुनरावृत्ती धरून ते सात हजारांवर जातात, आणि पुनरावृत्ती वगळून इब्न हजर अस्कलानी यांच्या मोजणीत सुमारे २,६०० उरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक भाग वरवर पाहता 'डुप्लिकेट' आहे. बुखारींना हे दिसत नव्हते का? त्यांनी तीच हदीस एका प्रकरणात एका मुद्द्यासाठी घेतली, दुसऱ्या प्रकरणात दुसऱ्या मुद्द्यासाठी. आणि बहुधा दुसऱ्या ठिकाणी घेताना ती निराळ्या सनदीने, म्हणजे सांगणाऱ्यांच्या निराळ्या साखळीने दिली. मजकूर एक असला तरी तो कोणाकडून कोणाकडे आला ही वाट वेगळी असेल, तर ती स्वतंत्र साक्ष आहे. दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून न्यायाधीश एकाला 'जादा' म्हणून घरी पाठवत नाही.

फोटोलाही सनद असते. पूर्वी ती फोटोच्या पाठीवर लिहिलेली असे. कोकणातून कुवेतला किंवा दुबईला कोणा जाणाऱ्याच्या हाती फोटो पाठवताना मागे नाव, तारीख, 'ईदच्या दिवशी' असे दोन शब्द लिहिले जात. आजच्या फोटोची पाठ म्हणजे फाइलीत दडलेली माहिती. कॅमेऱ्याने फोटोत तारीख, वेळ, यंत्राचे नाव नोंदवण्याची एक्झिफ नावाची रीत १९९५ पासून आहे. ती नेहमी खरे बोलते असे नाही. ज्या कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी लावलेच नाही, तो ईद असो की मय्यत, सगळे फोटो कुठल्यातरी १ जानेवारीलाच काढतो. उलट व्हॉट्सॲपवरून अँड्रॉइड फोनवर आलेल्या फोटोच्या नावात तो ज्या दिवशी मिळाला ती तारीख असते. म्हणजे चित्र म्हणून कमअस्सल असलेली ती लहान, दाबलेली प्रत कधीकधी तारखेच्या बाबतीत अधिक भरवशाची साक्षीदार ठरते. सॉफ्टवेअर मात्र आकाराने मोठी प्रत 'अस्सल' मानते आणि लहान प्रतीला साक्ष देण्याची संधीही देत नाही.

याचा अर्थ सगळेच ठेवावे असा होतो का? तसे नाही. प्रती कमी करणे हे काही वेळा कर्तव्य असते, आणि हेही आपल्याला परंपरेनेच शिकवले आहे. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात कुरआनच्या पठणावरून निरनिराळ्या प्रदेशांत वाद होऊ लागले, तेव्हा त्यांनी हजरत झैद बिन साबित आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून प्रमाण प्रती लिहवून घेतल्या, त्या ठिकठिकाणी पाठवल्या आणि इतर लिखित प्रती जाळून टाकण्याचा हुकूम दिला. बुखारींच्या संग्रहात ही हकीकत आहे. तिच्यातली एक बारीक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ज्या मूळ पानांवरून नकला केल्या, ती उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडून मागून आणलेली होती. काम झाल्यावर ती त्यांना परत करण्यात आली. अख्ख्या समाजाच्या भल्याचे काम होते, हुकूम खलीफाचा होता, तरी एका स्त्रीकडची अमानत तिला परत गेली.

आपल्या मराठीतही असे उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद वाढत चालले होते, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावले. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ पर्यंत चालले आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. तिथली रीत आपल्या कामाला सर्वांत जवळची आहे. जो पाठ संपादकांना प्राचीन वाटला तो वर छापला. बाकीचे पाठ फेकून दिले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. मुख्य पान स्वच्छ राहिले, आणि उद्याच्या अभ्यासकाला संपादकांचा निर्णय तपासून पाहण्याची वाटही उघडी राहिली.

संगणकावर हे करणे आज अवघड नाही. एकच फाइल दोन फोल्डरांत दिसावी पण जागा एकदाच खावी, अशी सोय बहुतेक संगणकांत आहे. आयफोनमध्ये २०२२ पासून एकसारखे फोटो 'मर्ज' करता येतात. त्यात सर्वांत चांगली प्रत राहते आणि बाकीच्या प्रतींवरची माहिती तिच्यात जमा होते. म्हणजे प्रत जावी पण तिची साक्ष राहावी, असा मध्यममार्ग आहे. मार्ग आहे, पण तो धरायचा की एका झटक्यात सगळे निवडून 'काढा' म्हणायचे, हे माणसाने ठरवायचे आहे.

इथपर्यंत आपण ठेवण्याचा विचार केला. आता पुसण्याच्या हक्काकडे येऊ. फोटो काढणे जायज की नाजायज यावर आपल्या उलेमांत मतभेद झाले, आजही आहेत. त्या वादात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी एक मुद्दा मांडला होता : छायाचित्र म्हणजे माणसाने नवी आकृती घडवणे नव्हे, पडलेली सावली धरून ठेवणे आहे. हे मत कोणाला पटो वा न पटो, त्यातून एक प्रश्न निघतो. सावली धरून ठेवली आहे, तर ती कोणाची? ज्याने धरली त्याची, की ज्याची पडली त्याची?

मेहंदीच्या रात्री बायकांच्या खोलीत काढलेले फोटो घ्या. तिथे मुली मोकळेपणाने बसलेल्या असतात, कारण ती खोली त्यांची असते. दुसऱ्या दिवशी ते फोटो एका बहिणीच्या फोनमधून भावाच्या संगणकावर उतरतात, तिथून 'सगळ्यांना हवेत' म्हणून ग्रुपवर जातात, आणि आठवड्याभरात ओळखीच्या-बिनओळखीच्या पंधरा फोनांत असतात. त्यातली एखादी मुलगी म्हणते, माझा तो फोटो काढून टाका. भाऊ तिच्यासमोर एक प्रत काढतो आणि म्हणतो, झाले. पण जुन्या फोल्डरमधली प्रत, मोबाइलच्या बॅकअपमधली प्रत, काढलेल्या वस्तू काही दिवस जिथे पडून राहतात त्या टोपलीतली प्रत, या सगळ्या राहिलेल्या असतात. ऑनलाइन साठवणीत ही टोपली सेवेप्रमाणे ३० किंवा ६० दिवस फोटो राखून ठेवते.

ठेवणे आणि पुसणे यांत हा मोठा भेद आहे. फोटो टिकवायचा असेल तर शंभरातली एक प्रत वाचली तरी पुरते. फोटो पुसायचा असेल तर शंभरातली एक प्रत राहिली तरी काहीच पुसले जात नाही. सारखे फोटो शोधणारे सॉफ्टवेअर आपण जागा मोकळी करण्यासाठी वापरतो; पण त्याचा अधिक नेक उपयोग हा आहे की, ज्या मुलीला आपला फोटो नको आहे, तिच्या फोटोच्या प्रती आपल्या घरात कुठे कुठे आहेत त्या सगळ्या हुडकाव्यात आणि सगळ्या काढाव्यात. इथे सैल फूटपट्टीच कामाची, कारण कापलेल्या, लहान केलेल्या प्रतीही सापडल्या पाहिजेत.

कायदा या खोलीत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. पण कोणी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल, तर तिला हा कायदा लागू नाही. घराच्या संगणकावर पोलीस बसवता येत नाही, बसवूही नये. म्हणून तर तिथे अमानतीचा विचार लागतो. अमानत म्हणजे जी वस्तू आपल्या हातात आहे पण आपली नाही, तिच्याशी कोणी पाहत नसताना आपण कसे वागतो ते.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? साठवण स्वस्त झाली आहे. सगळे ठेवा, काही काढू नका. हे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. फुकट वाटणारी साठवण फुकट राहत नाही. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा आपल्या फोटोंचे वजन कळले. आणि पैशांपेक्षा मोठी किंमत वेगळी आहे. चाळीस हजार फोटोंचा ढीग कोणी पाहत नाही. ज्यात काही सापडत नाही, ते जपलेले नसते, साठलेले असते. बापाने मागे ठेवलेला असा ढीग मुलांना वारसा वाटत नाही, ओझे वाटते; आणि ओझे उतरवताना माणूस निवडत बसत नाही. जो आज निवडत नाही, तो उद्या कोणालातरी सगळेच फेकायला लावतो.

शिवाय 'सगळे ठेवा' म्हणणाऱ्याला वाटते की सहा प्रती आहेत म्हणजे फोटो सुरक्षित आहे. तेही खरे नाही. एका डिस्कवरच्या सहा प्रती म्हणजे एकच प्रत, कारण डिस्क गेली की सहाही जातात. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पावसाने हे दाखवले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा पुन्हा दाखवले. पाण्याने कागदी अल्बम आणि संगणक यांत भेद केला नाही. अशा वेळी फोटो वाचतो तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात, दुसऱ्या घरात असलेल्या प्रतीमुळे. एखाद्या मामूच्या दोह्यातल्या कपाटातल्या किंवा एखाद्या खालाच्या फोनमधल्या. जपण्याचा उपाय प्रती वाढवणे हा नाही, त्या वाटणे हा आहे.

इथे आपण मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ येतो. आपल्या घरांत वाटणी होते तेव्हा जमीन, घर, दागिने यांचे हिस्से शरियतीप्रमाणे मोजले जातात, निदान मोजले जावेत असे आपण म्हणतो. अल्बम कोणाच्या हिश्शात जातो? तो मोजलाच जात नाही. तो घरात राहतो, आणि घर बहुधा भावाकडे राहते. बहिणी आपापल्या सासरी जातात. आई-बापाच्या एकाही फोटोशिवाय चाळीस वर्षे काढलेल्या बायका आपल्यात आहेत. त्यांनी मागितला नाही, कारण मागणे शोभले नसते. भावाने दिला नाही, कारण एकच होता आणि तो भिंतीवर किंवा कपाटात होता. कागदी फोटोच्या काळात या अन्यायाला निदान एक सबब होती. नक्कल करायची तर निगेटिव्ह स्टुडिओत, पैसे लागणार, तालुक्याला जावे लागणार.

ती सबब आता उरलेली नाही. जमिनीचा हिस्सा दिला की देणाऱ्याची जमीन कमी होते. फोटोची वाटणी ही एकच अशी वाटणी आहे की, प्रत्येक वारसाला पूर्ण वस्तू मिळते आणि कोणाचेही काही कमी होत नाही. मुलगा, मुलगी, विधवा, सगळ्यांना अख्खा हिस्सा. तरीही आजही तो दिला जात नसेल, तर ते दारिद्र्यामुळे नाही आणि तंत्रामुळेही नाही. आपल्याला तो हिस्सा वाटतच नाही, म्हणून आहे.

म्हणून घरातल्या त्या जाणत्या मुलाला आम्ही एवढेच सांगू इच्छितो. बेटा, आकड्याला आकडा जुळणाऱ्या प्रती खुशाल काढ, पण आधी त्यांच्या फोल्डरांची नावे आणि तारखा राहिलेल्या प्रतीवर लिहून घे. दाबलेल्या, कापलेल्या प्रतींतून उत्तम ती ठेव, पण तिला बाकीच्यांची साक्ष जोडून दे. यंत्र ज्यांना 'बहुतेक सारखे' म्हणते, त्यांच्या कडा मोठ्या करून पाहा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवून पाहा. ज्या मुलीने फोटो काढायला सांगितले आहे, तिच्या प्रती शेवटच्या टोपलीपर्यंत शोध. आणि 'काढा'वर बोट ठेवण्यापूर्वी, यादीत जे जे 'जादा' म्हणून आले आहे, त्याकडे एकदा जकातीच्या नजरेने पाहा. जकात निघते ती गरजेपलीकडे उरलेल्या मालातून, आणि त्या उरलेल्यात दुसऱ्याचा हक्क असतो असे आपण मानतो.

तुझ्या संगणकावर दादीचा फोटो सहा वेळा आहे आणि फुफीकडे तो एकदाही नाही, तर त्या सहांपैकी जादा किती, हा हिशेब फुफीला वगळून करता येणार नाही.